साच्यातला दुधाचा दात

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. मूर्ती नव्हे, साचा. हा फरक आधीच सांगून टाकतो, कारण मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास फसतो. जिन्याशेजारच्या फळीवर दोरीने करकचून बांधलेले एक ओबडधोबड, पिवळट गाठोडे दिसते, एवढेच. एकदा एका पाहुण्याने माझ्यावर आपली टोपी आणि ओली छत्री ठेवली होती. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपण कोणाच्या डोक्यावर छत्री ठेवतो आहोत!

माझी दोरी सोडली, की माझे सात तुकडे वेगळे होतात आणि आत दिसते ती नुसती पोकळी. त्या पोकळीत नाकाच्या जागी खड्डा, गालाच्या जागी खड्डा. जे पुढे यायचे ते सगळे माझ्यात आत गेलेले, आणि जे डावे ते उजवीकडे. कोणाला 'उलट्या काळजाचा' म्हटले तर ती शिवी होते. मी मात्र जन्मानेच तसा आहे आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. कारण माझ्या या पोकळीत प्लास्टर ओतले, की बाहेर येते हातभर उंचीची माता मरिया आणि तिच्या कडेवर बाळ येशू. अशा किती माता आणि किती बाळे मी जगाला दिली, याचा हिशेब मी ठेवला नाही. आई मुलांना वाढताना घास मोजते का?

माझा जन्म याच कारखान्यात झाला. खाली कारखाना, वर घर, मध्ये लाकडी जिना. खाली प्लास्टरची पोती, बादल्या, रंगांचे डबे, रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी आणि त्या खिडकीत वाळत ठेवलेल्या पांढऱ्या मूर्ती. कारखान्याचे मालक स्वतः मूर्तिकार होते. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा एक साचा होता. त्यातले बाळ छोट्या राजासारखे ताठ बसलेले असे. एका हातात पृथ्वीचा गोल, दुसऱ्या हाताची दोन बोटे आशीर्वादासाठी वर केलेली. चर्चमधून, शाळांमधून सगळीकडे असेच बाळ असते, म्हणून मालकही वर्षानुवर्षे तेच करत होते.

मग त्यांना स्वतःला मुलगा झाला.

मुलगा सात-आठ महिन्यांचा असताना एके दिवशी मालकीणबाई त्याला कडेवर घेऊन चुलीपाशी उभ्या होत्या. बाळाने त्यांच्या डोक्यावरच्या वस्त्राचे टोक मुठीत पकडले, ओढले आणि तोंडाकडे नेले. मालक दारातून ओरडले, "थांब! हलू नकोस!"

"अहो, दूध उतू जाईल!"

"जाऊ दे."

दूध उतू गेले. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा प्यायला. पण संध्याकाळपर्यंत मातीच्या गोळ्यात एक आई उभी राहिली होती, तिची मान बाळाकडे वळलेली, आणि बाळ तिचे वस्त्र ओढून आता चावणार, इतक्यात जणू कोणी हाक मारली म्हणून थबकलेले.

ती माती घडायला पुढे बरेच दिवस लागले. एकदा चर्चचे फादर पाहायला आले. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर असे दोन-तीनदा करून ते म्हणाले, "सगळीकडे बाळ आशीर्वाद देतं. हे काय करतंय?"

"पदर ओढतंय, फादर."

"आणि तोंड का उघडं आहे?"

मालक काही बोलायच्या आत जिन्यावरून मालकीणबाई म्हणाल्या, "दात येतोय त्याला! दात येताना सगळी पोरं दिसेल ते तोंडात घालतात. देवाचं बाळ झालं म्हणून काय हिरड्या शिवशिवायच्या थांबतात?"

फादर खाली वाकले. खरेच, मातीच्या बाळाच्या खालच्या हिरडीवर तिळाएवढा एक दात नुकता उगवलेला होता.

"एवढासा दात कोणाला दिसणार?" त्यांनी विचारले.

"जिला बघायचाय तिला दिसेल," मालक म्हणाले.

फादर हसले. "देव माणूस झाला असं मीच दर आठवड्याला सांगतो. मग त्याला दात यायलाच हवेत. करा, असंच करा."

मग मातीच्या मूर्तीवर प्लास्टर चढवून मला घडवले. मला तुकड्यातुकड्याने सोडवताना आतली माती मोडली. साच्यांच्या जन्माची रीतच तशी आहे. म्हणजे, मित्रांनो, त्या दिवशी ते रूप जगात फक्त माझ्या पोकळीत उरले. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा नवा होतो, कोरा करकरीत होतो, आणि मला स्वतःच्या कडांचा फार अभिमान होता.

या कारखान्याची एक जुनी चाल होती. नव्या साच्यातून निघालेली पहिली मूर्ती कधी विकायची नाही. ज्याच्या हातामुळे ती मूर्ती होऊ शकली, त्याला ती द्यायची. मालकांनी माझी पहिली मूर्ती सुईणबाईंना दिली. "तुमचा हात नसता तर हे बाळच नसतं," ते म्हणाले. सुईणबाईंनी ती पोटाशी धरून नेली, अगदी पोटच्या पोरासारखी.

त्याच हिवाळ्यात तापाची साथ आली आणि मालकांचे बाळ गेले.

त्या काळी फोटो काढणे ही मोठ्या लोकांची गोष्ट होती. बाळाचा एकही फोटो नव्हता. कारखाना बंद होता. मी फळीवर बांधलेला होतो. एक दिवस मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हातात हातोडा. मागून मालकीणबाई आल्या.

"फोडून टाकू का याला?" मालकांनी विचारले. "तुझ्या डोळ्यांसमोर नको."

"फोडलात तर मी त्याला पुन्हा कुठे बघू?" त्या म्हणाल्या.

मालकांनी हातोडा खाली ठेवला आणि प्लास्टर कालवायला घेतले.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. पाण्यात कालवलेले प्लास्टर घट्ट होताना गरम होते. आपोआप, विस्तवाशिवाय. त्यामुळे साच्यातून मूर्ती नुकतीच बाहेर येते तेव्हा ती उबदार असते. त्या दिवशी माझी दोरी सुटली, तुकडे निघाले, आणि मालकीणबाईंनी बाळाच्या गालाला हात लावला. गाल गरम होता. त्या दचकल्या. मग त्यांनी अख्खा तळवा त्या गालावर ठेवला आणि मूर्ती गार होईपर्यंत तो काढला नाही. जाता जाता त्यांनी करंगळीच्या नखाने हिरडीवरचा दात चाचपला आणि त्या वर स्वयंपाकाला गेल्या.

तेव्हापासून तो नेमच झाला. मला उघडायची वेळ झाली, की कारखान्यातला जुना कामगार जिन्याकडे तोंड करून हाक मारी, "वहिनी, उघडतोय हो!" हा कामगार नेहमी नखशिखान्त प्लास्टरने माखलेला असे, म्हणून सगळे त्याला पांढरेमामा म्हणत. हाक आली, की वहिनी, म्हणजे मालकीणबाई, हात पुसत खाली येत. तळवा गालावर. नख दातावर. मग वर.

दिवस गेले. मालकांना दुसरा मुलगा झाला, तो मोठा झाला. माझ्यातून निघालेल्या माता-बाळे दूरदूर गेली. शाळेच्या व्हरांड्यात, दवाखान्याच्या खिडकीत, बोटीवरच्या खलाशाच्या पेटीत, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या उशाशी. दुकानदार म्हणत, "आम्हाला ते पदर ओढणारं बाळच पाहिजे." माझी अशी वाहवा होत होती. मालक मात्र थकत गेले आणि एके दिवशी तेही गेले. कारखाना मुलाकडे आला. पण वहिनींचा नेम काही मोडला नाही. फक्त आता त्या जिन्याच्या कठड्याला धरून उतरत.

आणि मग या घरात नवी सून आली.

तिच्या आईची खानावळ होती. मोठमोठी पातेली घासत ती लहानाची मोठी झाली होती. 'भांडं असं घासावं, की त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे,' ही तिच्या माहेरची शिकवण. आल्या आल्या तिने जिना घासला. मग खिडक्या, मग बादल्या, मग रंगांच्या डब्यांची झाकणे. तिचा हात भांड्यावर चालू लागला, की शेजारी उठून बसत. पांढरेमामा दुसऱ्या कामगाराला म्हणाला, "उभा राहू नकोस एका जागी. घासूबाई येतेय, तुलाही घासून टाकील." तिने ते ऐकले आणि म्हणाली, "मामा, तुमच्यापासूनच सुरुवात करणार होते, पण त्या प्लास्टरखाली माणूस सापडेल याची खात्री नाही!" सगळे हसले. पांढरेमामा सगळ्यांत जास्त हसला. अशी होती ती, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ.

एका सकाळी घरातले सगळे कोणाच्या तरी लग्नाला गेले. चुलीवर डाळ शिजत ठेवून सून खाली आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

मूर्ती सुटून यावी म्हणून साच्याला आतून साबणाचे पाणी आणि तेल लावतात. इतक्या वर्षांत माझ्या आत त्याचा एक तपकिरी, गुळगुळीत थर जमला होता. सुनेने माझी दोरी सोडली, आत पाहिले आणि नाक मुरडले. "अगंबाई! देवाचा साचा, आणि ही दशा?"

तिने तारेची घासणी आणली.

मित्रांनो, मला ओरडता आले नाही. साच्याला तोंड असते, पण ते स्वतःचे नसते. तिने मनापासून, भक्तिभावाने मला घासले. आधी मातेचा चेहरा, मग बाळाचा चेहरा, कारण तिथली जागा रुंद आणि हाताला येण्यासारखी होती. थराखालचे पांढरे प्लास्टर दिसू लागले तशी ती खूश होऊन आणखी जोर लावू लागली. पायाच्या बोटांकडे आली, पण ती बोटे म्हणजे माझ्यात खोल, अरुंद भोके. घासणी तिथे शिरेना. तेवढ्यात वरून डाळ करपल्याचा वास आला आणि ती धावली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला मोठ्या कौतुकाने चकचकीत साचा दाखवला. तो दमून आला होता. "छान," म्हणाला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर ओतले. "वहिनी, उघडतोय हो!" वहिनी आल्या. तळवा गालावर ठेवला. गाल गरम होता. मग करंगळीचे नख हिरडीकडे गेले. ते तिथे फिरले, थांबले, पुन्हा फिरले. दात नव्हता. नीट पाहिले तर बाळाचा चेहराच पुसट झाला होता, पाण्यात फार वेळ राहिलेल्या साबणासारखा. तो आता कोणाचाही चेहरा होता.

वहिनींनी हात मागे घेतला. "बरी झालीय," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. पुढच्या वेळी हाक मारली तेव्हा त्या आल्याच नाहीत.

मग खाली भांडण झाले. "तुला कोणी सांगितलं होतं साच्याला हात लावायला?" नवरा गरजला.

"सांगितलं कोणीच नव्हतं," सून म्हणाली, "पण लावू नकोस असंही कोणी सांगितलं नव्हतं! या घरात कोणी काही सांगतं का मला?"

ते खरेच होते. त्या घरात गेलेल्या बाळाचे नाव कोणी काढत नसे. धाकट्या मुलालाही ते सगळे अर्धवटच ठाऊक होते. अखेर पांढरेमामाने तिला पोत्यावर बसवले आणि सगळे सांगितले. उतू गेलेले दूध, तापाची साथ, हातोडा, गरम गाल. ऐकता ऐकता सुनेने पदर तोंडाला लावला.

ती वर गेली. सासू खिडकीत बसली होती.

"आई, मला माहीत नव्हतं हो."

"तुला कसं माहीत असणार? आम्ही कधी तोंड उघडलं?" सासूने तिला जवळ बसवले. मग म्हणाली, "खरं सांगू? त्याचा चेहरा आता माझ्या डोळ्यांसमोर नीट येत नाही. नुसता बोटाला आठवतो. तो दात नखाला लागला, की बाकीचा सगळा पोरगा आठवायचा. हसणं, लाळ, सगळं. आता कुठून सुरुवात करू तेच कळत नाही."

मित्रांनो, त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते, असे सुनेला वाटले असेल. मलाही वाटले.

पण ती हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हती. तिने पांढरेमामाला गाठले. "मामा, जुनी मूर्ती मिळेल का कुठे? एखादी सुरुवातीची?"

"खिडकीतल्या सगळ्या गेल्या. विकलेल्या कुठे शोधणार, पोरी? गाव का एक आहे?" मामाने डोके खाजवले. पांढरा धुरळा उडाला. "पण थांब. पहिली विकली नव्हती. ती दिली होती."

सुईणबाई केव्हाच वारल्या होत्या. त्यांची मुलगी नर्स होती आणि पुलापलीकडे तिचे लहानसे प्रसूतिगृह होते. सून तडक तिथे गेली. आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात, तिला माझी थोरली लेक दिसली.

पण काय तिची अवस्था! सुईणबाई दरवर्षी घराला चुना लावताना मूर्तीलाही प्रेमाने एक हात मारत. त्यांच्या मुलीनेही तो रिवाज चालू ठेवला होता. चुन्याच्या थरांखाली मायलेकरांचे चेहरे बुडून गेले होते. फक्त बाळाचे पाऊल उघडे होते, पण त्यावर बोटे उरली नव्हती. ते नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते.

"कळा सुरू झाल्या, की बायका ते पाऊल धरतात," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्या आईच्या वेळेपासून. चेहऱ्याला कोणी हात लावत नाही. देवाच्या तोंडाला कसा लावणार? पायाला लावतात."

सुनेने सगळी हकिकत सांगितली. नर्सबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ने. पण बेकरीवाल्याची सून दिवसांवर आहे. तिनं आधीच बजावलंय, मी ते पाऊल धरल्याशिवाय बाळंत होणार नाही. निरोप आला, की मूर्ती परत हवी."

"आणि मला यायला उशीर झाला तर?"

"तर तिला तुझा पाय धरायला देईन. कुठली सोडतेय ती!"

सुनेने मूर्ती चादरीत गुंडाळली आणि अंगावरचे मूल न्यावे तशी घरी आणली.

नवऱ्याने छिन्नी उचलली. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "नाही. मी करणार."

"तू?" तो म्हणाला.

"हो, मीच."

पांढरेमामाने तिला लाकडाची एक चपटी काडी टोक गुळगुळीत करून दिली. "पाणी नको. ओलं झालं, की आतलं प्लास्टर मऊ पडेल. जोर नको. काडी टेकव, चुना सैल झाला, की फुंकर मार. घासायचं नाही, विचारायचं. 'येतोस का?' असं. नाही म्हणाला, की दुसरीकडे जायचं."

तिने सुरुवात मुद्दाम मातेच्या झग्याच्या घोळापासून केली, हात बसावा म्हणून. मी समोरच्या फळीवरून पाहत होतो. ज्या हाताने मला एका सकाळी पुसून टाकले, तोच हात आता मुंगीच्या पावलाने चालत होता. सगळे काम आटोपले, की ती खिडकीशी बसे. एक खपली, एक फुंकर. सासू जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसू लागली. नंतर मधल्या पायरीवर बसू लागली.

मातेचा चेहरा निघाला. पदर निघाला. बाळाची मूठ निघाली. मग तोंडापाशी येऊन सुनेचा हात थांबला. तिने काडी खाली ठेवली.

"आई, इथून पुढे माझा हात नाही चालत. पुन्हा काही झालं तर?"

सासू उतरून खाली आली. तिने सुनेचे मनगट धरले. "चालव. मी धरलंय."

एक खपली. एक फुंकर. ओठ. आणखी एक खपली, आणि उघड्या तोंडाच्या आतली सावली. सून मागे सरली. "आई, तुम्ही बघा. मी नाही बघणार." तिने खरोखरच डोळे मिटून घेतले.

सासूने करंगळी पुढे केली. कारखान्यात प्लास्टर कालवायचे थांबले होते. करंगळी हिरडीवर गेली आणि थांबली.

"आला गं," त्या म्हणाल्या. मग एकदम मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं, दात आला! दात आला त्याला!"

घराघरात बाळाला पहिला दात आल्यावर जसे ओरडतात, अगदी तसे. पांढरेमामा मागून म्हणाला, "मग वहिनी, गोड काहीतरी पाहिजे!" आणि आपल्या पांढऱ्या बाहीने डोळे पुसले. त्यामुळे त्याचे डोळे आणखीच चुरचुरले.

नवा साचा करायला सगळे सज्ज झाले. माती मळली, साबणाचे पाणी केले. आणि नेमका दारात निरोप आला. बेकरीवाल्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. साचा व्हायला वेळ लागणार होता. चुना निघालेली ती मूर्ती आता नाजूक झाली होती. ती पुन्हा रस्त्यावरून न्यायची, पुन्हा कोणाच्या हातात द्यायची? मुलगा म्हणाला, "आई, एक दिवस थांबता नाही का येणार?"

"कळा थांबतात होय रे कधी?" त्या म्हणाल्या. "ती बाई वाट बघतेय. आधी येणारं बाळ, मग आपलं. ने गं, सूनबाई."

सून धावली. नर्सबाईंनी नंतर सांगितले, की ती बाळंतिणीच्या उशाशी मूर्ती धरून उभी राहिली. एका हाताने तिने मूर्ती सावरली होती आणि दुसरा तळवा बाळाच्या तोंडासमोर आडोशासारखा धरला होता, दाताला धक्का लागू नये म्हणून. बेकरीवाल्याची सून पाऊल धरून ओरडत होती आणि आपली सून तिला म्हणत होती, "पाय घट्ट धर, हवा तेवढा धर, फक्त वर येऊ नकोस, बाई!" उजाडता उजाडता मुलगी झाली. मूर्ती सुखरूप घरी आली, आणि तिच्याबरोबर बेकरीतले गरम पाव.

दात होता. चेहरा होता. पण मुलगा पावलाकडे पाहून म्हणाला, "आता पायाची बोटं कुठून आणायची? बाबांसारखी मला जमणार नाहीत."

सून माझ्याकडे वळली. तिला ती सकाळ आठवली असावी, करपलेली डाळ आठवली असावी. तिने माझी दोरी सोडली आणि पायाचा तुकडा उजेडात धरला. त्या खोल, अरुंद भोकांत घासणी शिरलीच नव्हती! तिने त्यात मऊ माती दाबली आणि हलकेच सोडवली. पाच बोटे. अंगठा थोडा वर उचललेला, खेळणाऱ्या बाळाचा असतो तसा.

नवरा पाहतच राहिला. "म्हणजे तुझं घासणं अर्धवटच होतं तर!"

"अर्धवट होतं म्हणूनच वाचलात," ती म्हणाली.

अशा रीतीने, मित्रांनो, चेहरा माझ्या लेकीने दिला आणि पाऊल मी दिले. लेकीचे पाऊल लोकांच्या श्रद्धेने झिजले होते, माझा चेहरा एका मुलीच्या भाबड्या मेहनतीने झिजला होता. दोघांत मिळून एक बाळ शाबूत होते. सुईणबाईंची मूर्ती आपल्या कोनाड्यात परत गेली. तिच्यावरून घेतलेल्या प्रतीला माझी बोटे जोडली आणि त्यावरून रबराचा नवा साचा झाला. तो मऊ आहे, हलका आहे आणि जरासा गर्विष्ठही आहे. नवा असताना मीही तसाच होतो.

नव्या साच्यातली पहिली मूर्ती निघाली. वहिनींनी तिच्या गालावर तळवा ठेवला, दात चाचपला. मग सुनेचा हात ओढून त्या गरम गालावर ठेवला.

"पहिली विकायची नसते," त्या म्हणाल्या. "ही तुझी."

"आई, पण माझ्याच हातानं तर—"

"तुझ्याच हातानं. म्हणूनच."

मला मात्र आता काम उरले नव्हते. जुने साचे फोडून अंगणात भरावाला टाकतात. मुलाने मला उचललेही होते. सुनेने त्याला जिन्यापाशी अडवले आणि मला या फळीवर ठेवले, जिथून खिडकी दिसते. त्याला आता किती वर्षे झाली! वहिनी गेल्या, पांढरेमामा गेला. घासूबाईचे केस प्लास्टर न लागताही पांढरे झाले. तिच्या घरातही सून आली. त्या मुलीने या घरात पाऊल टाकले त्याच दिवशी घासूबाईने तिला माझ्यासमोर बसवले, माझी दोरी सोडली आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मग म्हणाली, "आता तुला वाटेल ते घास. पण आधी विचार, आणि विचारलंस, की आम्ही सांगू."

फळीवर बसल्या बसल्या मी सगळ्यांचे आभार मानतो. उतू गेलेल्या दुधाचे. वाकून तो दात पाहणाऱ्या फादरांचे. सुईणबाईंचे, आणि ते पाऊल धरून बाळंत झालेल्या साऱ्या बायकांचे. त्या तारेच्या घासणीचेही. ती माझ्यावरून फिरली नसती, तर त्या घरातले मौन कधी सुटले नसते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी, कळकट, उलटीसुलटी वस्तू असेल, तर तिला टाकण्याआधी, आणि हो, चकचकीत करण्याआधीही, घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "ही कोणाची?" हात धुऊन विचारा, आणि सांगणाऱ्याला मध्ये थांबवू नका. एखाद्या आईचे सगळे लेकरू त्यात तिळाएवढ्या जागेत राहत असेल.

हल्ली दुपारी घासूबाई आपल्या नातवाला घेऊन माझ्याशेजारी बसते. परवा तिचे लक्ष नसताना त्याने माझ्या दोरीचे टोक मुठीत पकडले, ओढले आणि तोंडात घातले. त्याच्या हिरड्या शिवशिवत असाव्यात. दोरीला काहीतरी टोकदार टोचले. एकच होते, तिळाएवढे. घरात अजून कोणाला कळलेले नाही. मालक असते तर दारातूनच ओरडले असते, "थांब! हलू नकोस!"

आणि मी मुळीच हललो नाही.